घाई नसलेले रसिक

सकाळी ८.३०

ऑफिसात आल्यावर कॉफीच्याही आधी मी रात्रभरातला विक्रीचा आकडा बघतो. आज शुक्रवार, आणि रात्री आमच्याकडे सत्तरी ओलांडलेला एक रॉक गायक आहे. नाव सांगत नाही. त्याच्या जागी आणखी वीस नावं घातली तरी पुढचं काहीच बदलावं लागणार नाही. आमचं थिएटर ओहायोतल्या एका मध्यम शहरात आहे. १९२०च्या दशकात सिनेमासाठी बांधलेलं, छतावर सोनेरी नक्षी, सव्वीसशे खुर्च्या. तिथली तिकीटबारी माझ्याकडे. मुलुंडच्या कालिदासला रांगेत उभा राहून नाटकाची तिकिटं काढणारा मुलगा इथे खिडकीच्या आतल्या बाजूला येऊन बसला, एवढाच माझा प्रवास.

निम्म्याहून थोडं जास्त थिएटर विकलं गेलंय. रात्रीत डझनभर तिकिटं गेली असतील.

जवळजवळ प्रत्येक कार्यक्रमाची विक्री एकाच चालीने जाते. पहिल्या दोन-तीन दिवसांत उसळी, मग कित्येक आठवडे शुकशुकाट, आणि शेवटच्या आठवड्यात पुन्हा चढ. या गायकाची पहिली उसळी दर खेपेला बुटकी होत चाललीय. तो आमच्याकडे पहिल्यांदा आला तेव्हा खालचा मजला पहिल्याच दिवशी संपला होता. पुढच्या खेपेला त्याच मजल्याला महिना लागला. मग तो पाऊण तासावरच्या कसिनोत गाऊन गेला, उन्हाळ्यात शेजारच्या काउंटीच्या जत्रेत गाऊन गेला, आणि आता परत आमच्याकडे.

लोक त्याला विटले, असं आमच्या मालकांचं मत. मला ते पटत नाही. अतिपरिचयाने अवज्ञा होते म्हणतात, पण अवज्ञा झालेली मी खिडकीत पाहिलेली नाही. प्रेम तेवढंच असतं, फक्त घाई संपते. ‘या वेळी नाही जमलं तर पुढच्या वर्षी येईलच की,’ हे एक वाक्य माझा धंदा बसवायला पुरेसं आहे.

९.१५

त्याच्या एजंटची मेल आलीय: पुढच्या वर्षी याच सुमाराला तारीख मिळेल का? आजचा कार्यक्रम अजून व्हायचाय.

करारात एक कलम असतं. आमच्या कार्यक्रमाच्या आधी आणि नंतर इतके दिवस, इतक्या मैलांच्या आत दुसरीकडे गायचं नाही. मोठा कलाकार असेल तर हे कलम आम्ही घालतो आणि त्याचा एजंट ते खरवडून खरवडून लहान करतो. दिवस कमी करतो, मैल कमी करतो, कसिनोला त्यातून वगळतो. कसिनोची अडचण आम्हाला वेगळीच आहे. त्यांचा पैसा जुगारात. गाणं हे माणूस आत आणण्याचं निमित्त. त्यामुळे ते गायकाला घसघशीत रक्कम देतात आणि नेहमीच्या खेळणाऱ्यांना तिकिटं जवळजवळ फुकट वाटतात. काउंटीच्या जत्रेतही तेच, गेटाच्या तिकिटातच गाणं येतं. धंद्यात याला ‘सॉफ्ट तिकीट’ म्हणतात, आणि केवळ त्या गायकासाठी खिशातून पैसे काढून घेतलेलं ते ‘हार्ड तिकीट’. एकदा जत्रेत पाव भाजी खात फुकट ऐकलेला गायक आमच्याकडे ऐंशी डॉलरला ऐकायचा, हे गिऱ्हाईकाच्या हिशेबात बसत नाही. (पाव भाजी नव्हे, कॉर्न डॉग. पण जत्रेत उभ्याने खायचं म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर तवाच येतो.)

तरी हे लोक इतके का हिंडतात? एकेकाळी दौरा ही रेकॉर्डची जाहिरात असायची. २००० नंतर रेकॉर्डचा खप कोसळला, स्ट्रीमिंगमधून बहुतेकांना सुट्टे पैसे मिळतात. आता उलटं झालंय, रेकॉर्ड काढायची ती दौऱ्याला निमित्त हवं म्हणून. शिवाय एकदा बसगाड्या भाड्याने घेतल्या, साउंडवाले, लाइटवाले, ड्रायव्हर पगारावर ठेवले की सुट्टीचा दिवसही खर्चाचाच. म्हणून दोन मोठ्या शहरांमधला मंगळवार आमच्यासारख्या गावावर काढायचा.

एजंटला मी अजून उत्तर दिलेलं नाही.

१०.००

आज दुसऱ्याच एका कार्यक्रमाची विक्री उघडायची आहे. ती गायिकाही सत्तरीतलीच, पण या भागात आठ-नऊ वर्षं फिरकलेली नाही. दहाच्या ठोक्याला ऑनलाइन रांग सुरू झाली आणि माझ्या सहकारिणीने नुसत्या भुवया उंचावल्या. साडेदहाला खालचा मजला गेला. अकराच्या आत वरचा. दोघांची वयं, हिट गाण्यांची संख्या, तिकिटाचा दर, सगळं जवळपास सारखं. फरक फक्त मधल्या वर्षांचा.

याची प्रसिद्ध उदाहरणं सगळ्यांना पाठ आहेत. ईगल्स १९८० मध्ये फुटले, १९९४ मध्ये एकत्र आले आणि त्यांनी शंभर डॉलरच्या वरचं तिकीट लावलं. रॉकच्या जगात तेव्हा ते ऐकून लोक हादरले होते, तरी तिकिटं खपली. लेड झेपेलिनने १० डिसेंबर २००७ ला लंडनच्या ओटू अरीनात एकच कार्यक्रम केला. जागा वीस हजारांच्या आत, आणि मागणी नोंदवणाऱ्यांचा आकडा दोन कोटींच्या घरात सांगितला गेला. ओअ‍ॅसिसचे दोघे भाऊ २००९ मध्ये भांडून वेगळे झाले. त्यांच्या २०२५ च्या दौऱ्याची तिकिटं ऑगस्ट २०२४ मध्ये निघाली तेव्हा रांगेतल्या लोकांना मध्येच चढलेले दर दिसले, आणि ब्रिटनच्या स्पर्धा नियामकाला चौकशी लावावी लागली.

ही उदाहरणं देऊन एजंटांना ‘जरा थांबा’ असं सांगणारे पुष्कळ आहेत. पण यातलं कुणी धोरण म्हणून थांबलेलं नव्हतं. ईगल्स भांडले म्हणून थांबले. झेपेलिन त्यांचा ड्रमर जॉन बॉनम १९८० मध्ये गेला म्हणून थांबले. मधल्या काळात रेडिओने त्यांची गाणी रोज वाजवली, म्हणून त्या थांबण्याला किंमत आली. रेडिओवर ज्याची दोनच गाणी वाजतात त्याने दहा वर्षं विश्रांती घेतली तर दहा वर्षांनी त्याला कुणी ओळखायचंही नाही.

११.३०

खिडकीचा फोन. एक नेहमीचे गिऱ्हाईक, निवृत्त शिक्षक. रात्रीच्या गायकाला त्यांनी इतक्यांदा ऐकलंय की मोजणं सोडून दिलंय.

‘या वेळी काय गाणार आहे?’

‘गेल्या वेळचीच यादी दिसतेय, एखाद-दुसरं इकडचं तिकडे.’

‘मग बायकोचं नको. माझं एकट्याचं द्या. पण संध्याकाळी येऊन घेतो.’

दोनाचं एक झालं, तेही संध्याकाळवर गेलं. सारखं येण्याचा परिणाम आकड्यात दिसतो तो असा. माणूस तुटत नाही, तो एकटा येतो आणि उशिरा येतो.

पण या शिक्षकांच्या प्रश्नात खरी गोम आहे: काय गाणार? ग्रेटफुल डेडला हा प्रश्न कधी नडला नाही. ते वर्षानुवर्षं हिंडत, त्याच शहरात लागोपाठ तीन-तीन रात्री वाजवत, आणि तीच माणसं तिन्ही रात्रींची तिकिटं काढत, कारण उद्या काय वाजेल ते बँडलाही ठाऊक नसे. १९८३ पासून त्यांनी टपालाने तिकिटं विकायची स्वतःची यंत्रणा उभी केली. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला, रेडिओवर नावापुरता एक हिट असताना, अमेरिकेत सर्वाधिक कमाई करणाऱ्या दौऱ्यांत ते होते. त्यांच्याच वाटेने गेलेल्या फिशने २०१७ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये तेरा रात्री वाजवलं आणि एक गाणं पुन्हा घेतलं नाही. तिथे वारंवारता हाच माल होता.

आणि डिलन. माझ्या मते या सगळ्या प्रश्नाचं उत्तर एकट्या बॉब डिलनच्या चरित्रात आहे, कारण त्याने दोन्ही टोकं करून पाहिली. १९६६ नंतर आठ वर्षं त्याने दौरा केला नाही. १९७४ च्या जानेवारीत तो ‘द बँड’ला घेऊन बाहेर पडला तेव्हा तिकिटं टपालाने विकली गेली, लाखोंनी अर्ज आले, मोठमोठे अरीना भरले. पुढे ऐंशीच्या दशकात त्याचा सूर हरवला. तो टॉम पेटीबरोबर फिरला, डेडबरोबर स्टेडियममध्ये गायला, पण समोरची माणसं एका जुन्या दंतकथेला बघायला आलेली आहेत हे त्याला कळत होतं. ‘क्रॉनिकल्स’ या आठवणींच्या पुस्तकात त्याने त्या वेळची योजना सांगितलीय आणि ती कुठल्याही प्रमोटरला वेडेपणाची वाटेल. वर्षाला दोनशे कार्यक्रम करायचे आणि पुढच्या वर्षी पुन्हा त्याच गावांत जायचं. जुने लोक दुसऱ्यांदा येणार नाहीत हे त्याने गृहीतच धरलं होतं. तरुण येतील, पुढच्या खेपेला मित्रांना आणतील, आणि तीन वर्षांत त्याला हवा तो श्रोता तयार होईल.

म्हणजे आम्ही ज्याला नुकसान म्हणतो ते त्याला हवं होतं. ७ जून १९८८ ला कॅलिफोर्नियातल्या कॉनकॉर्डला त्याने सुरुवात केली. पुढची तीस वर्षं तो वर्षाला शंभराच्या आसपास कार्यक्रम करत राहिला, आणि २०१९ पर्यंत या न संपणाऱ्या दौऱ्याचे तीन हजार कार्यक्रम झाले. आता तो बहुतेकदा आमच्यासारख्या दोन-तीन हजारांच्या थिएटरांत गातो. चाली ओळखू येत नाहीत म्हणून अर्धे लोक कुरकुरतात. मोबाइल दारातच पिशवीत बंद करायला लावतात, त्यामुळे घरी बसून क्लिप बघण्याचीही सोय नाही. वारंवार येण्याने त्याची मागणी मेली नाही, तिचं माप बदललं. अरीनाचं थिएटर झालं आणि ते थिएटर भरत राहिलं. हे माप जो ओळखतो त्याचं चालतं. जो अरीनाच्या आठवणीवर तिकीट छापतो त्याच्या कार्यक्रमात वरच्या मजल्यावर काळा पडदा लावावा लागतो.

दुपारी १.००

डबा उघडला आणि मराठी मंडळातल्या एका काकांचा फोन.

‘काय रे, आजचे दोन पास जमतील का? रिकामंच आहे म्हणे!’

‘काका, रिकामं नाहीये, उशिरा भरतंय.’

‘मग काय झालं, उशिरा येतो.’

काका ७ एप्रिल २००३ ला मुंबईच्या ब्रेबॉर्नवर रोलिंग स्टोन्सना ऐकायला गेले होते. ती कथा आम्ही प्रत्येक गणपतीत ऐकतो. स्टोन्सचा मुंबईत तेवढाच एक कार्यक्रम झाला, म्हणून ती कथा टिकली. ब्रायन अ‍ॅडम्स भारतात नव्वदच्या दशकापासून २०२४ पर्यंत येत राहिला. त्याची कथा अशी कुणी सांगत नाही, पण त्याचं तिकीट मात्र काढतात. आमच्या मंडळातही हेच. मुंबईचं नाटक चार-पाच वर्षांतून एकदा इथल्या शाळेच्या हॉलमध्ये येतं तेव्हा तीन तास गाडी चालवून माणसं येतात. तेच नाटक दर दिवाळीला आलं तर त्यांना पोरांची परीक्षा आठवेल. मग प्रशांत दामले यांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये साडेबारा हजारावा प्रयोग केला तो कसा, असा वाद काका घालतात. त्याचं उत्तर माझ्याकडे आहे: तिथे नट तोच असला तरी नाटक बदलतं.

काकांना पास दिले नाहीत. का, ते पुढे येतंय.

२.१५

मालक, जाहिरात बघणारी मुलगी आणि मी. विषय रोजचाच: उरलेल्या खुर्च्यांचं काय करायचं?

मालकांचं म्हणणं, चार वाजता दर अर्धा करून सगळ्यांना मेल टाकू. मी आडवा आलो. जो गायक पुन्हा येणार आहे हे लोकांना माहीत आहे, त्याचा दर शेवटच्या दिवशी पाडायचा नाही. पुढच्या खेपेला पहिल्या आठवड्यात एकही माणूस तिकीट घेणार नाही, सगळे चार वाजण्याची वाट बघतील. ज्यांनी तीन महिन्यांपूर्वी पूर्ण पैसे मोजले तेच आमचे खरे आश्रयदाते, आणि मूर्ख ठरतात तेही तेच. आठ वर्षांनी येणाऱ्या बाईंच्या बाबतीत दर खालीवर केला तर तक्रार होते, सवय लागत नाही. दरवर्षीच्या पाहुण्याच्या बाबतीत सवयच लागते.

दर वर न्यायचा खेळही याच नियमाने चालतो. २०२२ च्या जुलैत ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या अमेरिकेतल्या दौऱ्याची विक्री उघडली, सहा वर्षांनी ई स्ट्रीट बँडबरोबर. मागणीप्रमाणे चढणाऱ्या काही खुर्च्या पाच हजार डॉलरपर्यंत गेल्या. चाहते भडकले, त्याला वाहिलेलं एक जुनं चाहत्यांचं नियतकालिक पुढे याच रागातून बंद पडलं, तरीही दौरा भरला. ती सहा वर्षं नसती तर तो दर टिकला नसता.

फुकट पास वाटून थिएटर भरणं हा तिसरा उपाय. रिकाम्या खुर्च्यांसमोर गाणाऱ्याचा आवाज पडतो, म्हणून थोडे वाटावे लागतातच. पण ते इस्पितळाच्या नर्सना आणि अग्निशमन दलाला, ज्यांनी तिकीट काढलंच नसतं त्यांना. काकांना नाही. काका तिकीट काढू शकतात.

मालकांनी शेवटी बिली जोएलचं नाव काढलं, ते दरवेळी काढतात. जानेवारी २०१४ ते जुलै २०२४, कोरोनाचा खंड सोडला तर दर महिन्याला एक कार्यक्रम, तोही त्याच मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये, आणि १९९३ नंतर नव्या पॉप गाण्यांचा अल्बम नाही. तरी शंभरावर कार्यक्रम भरलेले. ‘मग वारंवार येण्याने काय बिघडलं?’ बिघडलं नाही, कारण तो हिंडला नाही. न्यूयॉर्कला दर महिन्याला नवी माणसं येतात, वाढदिवस नि लग्नाची पंचविशी साजरी करायला. इतर शहरांत तो वर्षाला मोजकेच कार्यक्रम करी. गायक गावोगाव गेला नाही, गावं त्याच्याकडे आली. आमच्या गावाकडे कोण येणार?

निर्णय: वरचा मजला बंद. तिथे तिकीट काढलेल्यांना खाली आणून बसवायचं. त्यांना आनंद होतो, आणि गायकाला समोर भरलेलं थिएटर दिसतं.

३.३०

साउंड आणि लाइटच्या टेबलांसाठी राखून ठेवलेल्या, पण आता लागणार नाहीत अशा खुर्च्या मोकळ्या झाल्या. गायकाच्या पाहुण्यांसाठी ठेवलेल्यांपैकीही बऱ्याच सुटल्या. त्यातल्या पुष्कळ पहिल्या दहा रांगांतल्या. विक्रीला टाकल्या, तासाभरात गेल्या. म्हणजे मागणी होतीच, चांगल्या जागेची.

५.००

साउंड चेक. गायक काठी टेकत आला, काठी ठेवली, एक कडवं म्हटलं, मॉनिटरबद्दल काहीतरी पुटपुटला. त्याच्या बँडात मूळचे सोबती दोनच उरलेत. मी पाच मिनिटं मागे उभा राहिलो. आवाज अजून आहे.

६.३०

खिडकीवर रांग. सगळे शेवटच्या दिवसाचे: शिक्षक, एक ट्रकचालक, बापाला घेऊन आलेली मुलगी. ही मुलगी मला हल्ली वरचेवर दिसते. ‘बाबा पुढच्या वर्षी येऊ शकतील की नाही माहीत नाही,’ असं सांगून ती दोन तिकिटं घेते. स्टोन्सचा चार्ली वॉट्स २०२१ मध्ये गेला, तेव्हापासून हे वाक्य गायकांबद्दलही ऐकू येतं. वार्षिक पाहुण्याचीही घाई परत येते ती अशी, वयामुळे. निरोपाचे दौरे याच भावनेवर चालतात. ‘किस’ या बँडने २००० मध्ये निरोप घेतला आणि पुन्हा २०१९ ते २०२३ असा घेतला. मॉटली क्रूने २०१४ मध्ये पुन्हा दौरा न करण्याचा चक्क करार पत्रकारांसमोर सह्या करून जाहीर केला, आणि २०१९ मध्ये तो स्फोटाने उडवल्याचा व्हिडिओ काढून परतले. खोटा निरोप दोनदा खपतो. तिसऱ्यांदा खपलेला मी पाहिलेला नाही.

९.४०

टी-शर्टच्या टेबलाशी शुकशुकाट. दरवर्षी येणाऱ्या श्रोत्याच्या घरी चार टी-शर्ट आधीच असतात. या विक्रीत थिएटरचाही हिस्सा असतो, त्यामुळे हे दुखणं आमचंही. नव्या माणसांनी भरलेल्या थिएटरात हेच टेबल मध्यंतराआधी रिकामं होतं.

११.१५

हिशेब. दौऱ्याचा हिशेबनीस लॅपटॉप उघडून समोर बसला. सौदा नेहमीचाच: ठरलेली रक्कम, किंवा खर्च वजा जाता उरलेल्यातले ८५ टक्के, यातलं जास्त असेल ते कलाकाराचं. आपल्या नाटकवाल्यांच्या भाषेत म्हणायचं तर त्याची ‘नाइट’ बांधलेली. आज टक्केवारीपर्यंत गाडी गेलीच नाही. त्याने ठरलेली रक्कम घेतली, तोटा थिएटरचा. दौरा वाढवत नेणाऱ्याला वारंवारतेची किंमत लगेच का कळत नाही, ते या टेबलावर कळतं. पहिली दोन-तीन वर्षं ती किंमत आमच्यासारखे लोक भरतात. मग ठरलेली रक्कम खाली येऊ लागते, आणि तोवर त्याच्या श्रोत्यांना थांबायची सवय लागलेली असते.

‘पुढच्या ऑक्टोबरला भेटू?’ त्याने विचारलं.

सकाळच्या मेलचं उत्तर मी तिथेच बसून लिहिलं. पुढच्या वर्षी नको, त्याच्या पुढच्या वर्षी वसंतात या, आणि आमच्या शेजारच्या बाराशे खुर्च्यांच्या हॉलमध्ये या. दर हाच. मध्ये कसिनो नको. गाण्यांची यादी बदला.

वाचकांसाठी एक सूचना, फुकट. जो गायक आठ वर्षांनी येतोय त्याचं तिकीट सकाळी दहाला काढा. जो दरवर्षी येतो त्याचं कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी साडेतीननंतर काढा, पुढच्या रांगा तेव्हा सुटतात. मात्र काढा. पास मागू नका.